बाकावरची रिकामी जागा

(आजार शरीराला होतो, परंतु त्याची झळ मनाला आणि मैत्रीलाही पोहोचते. आतड्याच्या दीर्घकालीन विकारामुळे विद्यार्थिदशेतील मुलामुलींच्या जीवनात कोणत्या अडचणी उभ्या राहतात आणि अशा वेळी सोबत्यांचे कर्तव्य काय, याचा विचार या पाठात केला आहे.)

शाळेची सहल निघाली होती. पहाटेच्या थंडीत मैदानाच्या कडेला एस. टी. उभी होती. डबे, पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या सांभाळीत मुले आपापल्या जागा धरीत होती. एका बाकावरची खिडकीजवळची जागा मात्र रिकामीच राहिली. त्या जागेवर बसणारा मुलगा आदल्या दिवसापर्यंत "येणार, नक्की येणार" असे सांगत होता. गुरुजींनी हजेरी घेतली, थोडी वाट पाहिली, आणि गाडी सुटली. मागून कोणीतरी म्हणाले, "त्याचे हे नेहमीचेच आहे. आयत्या वेळी पाठ दाखवतो." दोघेचौघे हसले. शेजारी बसलेला त्याचा जिवलग मित्र हसला नाही. पण त्याने त्यांना अडवलेही नाही. मनातून त्यालाही आता तसेच वाटू लागले होते.

त्या घटकेला तो मुलगा घरी काय करीत होता? पहाटे चार वाजल्यापासून पाचव्यांदा तो शौचास जाऊन आला होता. पोटात कळांवर कळा येत होत्या. अंगात उभे राहण्याचे त्राण नव्हते. सहलीसाठी आदल्या रात्री काढून ठेवलेला सदरा खुंटीवर तसाच लोंबत होता. गाडी सुटण्याची वेळ त्याला पाठ होती. घड्याळात सहा वाजले तेव्हा त्याने कूस बदलून भिंतीकडे तोंड केले.

हा मुलगा कल्पनेतील आहे. परंतु त्याच्यासारखी मुलेमुली जगात सर्वत्र आहेत, आपल्या महाराष्ट्रातही आहेत. त्यांचे दुखणे बाहेरून दिसत नाही. मोडलेला हात गळ्यात बांधलेला दिसतो, तापलेले अंग हाताला कळते. परंतु आतड्याला झालेली जखम कोणाला दिसावी? म्हणून हे दुखणे नेमके काय आहे, ते प्रथम समजून घेऊ.

आपण खाल्लेले अन्न जठरातून आतड्यांत उतरते. प्रौढ माणसाचे लहान आतडे सुमारे सहा मीटर आणि मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. लहान आतडे अन्नातील पोषक द्रव्ये शोषून घेते. मोठे आतडे उरलेल्या भागातील पाणी शोषते. याच मार्गाने अनेक रोगजंतूही शरीरात शिरू पाहतात. त्यांना अडविण्यासाठी शरीराची प्रतिकारशक्ती तेथे अखंड पहारा देत असते. काही माणसांच्या बाबतीत हा पहारेकरीच बिथरतो. चोर नसताना तो लाठी उगारतो आणि ती घरच्याच माणसांवर पडते. आतड्याच्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, रक्त जाते. पोटदुखी, वारंवार जुलाब, ताप, थकवा, वजन घटणे ही त्याची लक्षणे होत.

या विकाराचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात सूज केवळ मोठ्या आतड्याला येते; त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. दुसऱ्यात ती तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गाच्या कोणत्याही भागात येऊ शकते. त्याला क्रोन्सचा आजार हे नाव आहे. १९१३ साली ग्लासगो येथील डॅल्झिएल या शस्त्रवैद्याने अशा रुग्णांचे वर्णन केले होते. पुढे १९३२ साली न्यूयॉर्क येथील डॉ. बरिल क्रोन, डॉ. लिऑन गिन्झबर्ग आणि डॉ. गॉर्डन ओपनहायमर यांनी १४ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि आजाराला क्रोन यांचे नाव मिळाले. हा विकार मुख्यत्वे तरुणांना होतो, असे त्या तिघांनी तेव्हाच नमूद करून ठेवले होते. आजही अनेकांना तो विद्यार्थिदशेत किंवा ऐन तारुण्यात प्रथम गाठतो.

हा विकार स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा शेजारी बसल्याने पसरत नाही. तो कोणाच्या खादाडपणामुळे होत नाही आणि मनाच्या दुबळेपणामुळे तर मुळीच होत नाही. काही अंशी आनुवंशिकता, काही अंशी परिस्थिती आणि आतड्यातील असंख्य सूक्ष्म जीव यांच्या गुंतागुंतीतून तो उद्भवतो. आपल्या देशात आणखी एक अडचण येते. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्सचा आजार यांची लक्षणे इतकी सारखी असतात की, कुशल वैद्यालाही कित्येकदा चटकन फरक करता येत नाही. त्यामुळे योग्य निदान होईपर्यंत महिने जातात. तोवर घरात आणि शाळेत "याला काही झालेले नाही, याला अभ्यास नको आहे" असे शब्द त्या मुलाच्या कानांवर पडत राहतात.

आजार एकदा जडला की बहुधा जन्माचा सोबती होतो. परंतु तो सारखा सारख्याच जोराने पीडा देत नाही. समुद्राला भरती-ओहोटी असते, तसे त्याचे असते. कित्येक महिने मुलगा इतरांसारखा धावतो, खेळतो, हसतो. मग अचानक भरती येते आणि तो अंथरुणाला खिळतो. औषधांनी ही भरती थोपवता येते. १९९८ सालापासून उपलब्ध झालेल्या नव्या जातीच्या औषधांमुळे तर पुष्कळ रुग्णांचे जीवन पालटून गेले आहे. पण सोबत्यांचा गैरसमज होतो तो या भरती-ओहोटीमुळेच. "काल तर कबड्डी खेळत होता, आज एकदम आजारी?" असा प्रश्न त्यांना पडतो. काल खेळला हेही खरे आणि आज उठवत नाही हेही खरे, असे दोन्ही असू शकते, हे त्यांना ठाऊक नसते.

आता मैत्रीचा विचार करू. मोठी माणसे पत्रांतून, बोलण्यातून मैत्री टिकवतात. तुमच्या वयात ती मुख्यतः एकत्र घालवलेल्या वेळातून उगवते. एकत्र डबा खाणे, मैदानावर खेळणे, एकमेकांच्या घरी राहावयास जाणे, सहलीच्या गाडीत गाणी म्हणणे, यांतूनच सोबती मित्र होतात. हा आजार नेमका याच प्रसंगांवर घाला घालतो. मधल्या सुट्टीत डबे उघडतात, तेव्हा कोणाच्या डब्यातील काय आपल्याला सोसेल, याची त्या मुलाला खात्री नसते. उपचाराचा एक भाग म्हणून काही मुलांना सहा ते आठ आठवडे केवळ औषधी द्रवाहारावर राहावे लागते. सारा वर्ग जेवत असताना आपण पेला हातात धरून बसणे, हे त्या वयात लहानसे दुःख नव्हे.

खेळातही तेच. थकव्यामुळे तो मागे पडतो. आतड्याने अन्न नीट शोषले नाही तर उंची आणि वजन वाढण्याचे मंदावते, आणि बरोबरीची मुले खांद्याच्या वर गेली तरी तो लहानच दिसतो. स्टेरॉइड जातीच्या औषधाने काहींचा चेहरा गोल व फुगीर होतो. औषध थांबले की तो पूर्ववत होतो; परंतु तोवर एखादे टोपणनाव चिकटलेले असते, आणि ते औषधाबरोबर थांबत नाही. काही थोड्या मुलांवर शस्त्रक्रिया करून पोटावर छिद्र ठेवावे लागते आणि मल तेथे बसविलेल्या पिशवीत जमा होतो. अशा मुलाला कपडे बदलतानादेखील कोणी पाहील की काय, अशी धास्ती असते.

सर्वांत मोठे संकट वर्गातच उभे राहते. शौचाची निकड लागली की ती मिनिटभरही थांबत नाही. करंगळी दाखवून परवानगी मागावी, तर सारा वर्ग पाहतो. तासाला तीनदा मागावी, तर हशा पिकतो. न मागावी, तर त्याहून भयंकर प्रसंग ओढवतो. शाळेच्या शौचालयाला कडी नसेल किंवा तेथे पाणी नसेल, तर त्या मुलाला शाळेत पाऊल टाकणेही नकोसे होते. नव्या ठिकाणी गेल्यावर इतर मुले प्रथम खेळाची जागा शोधतात. हा मुलगा प्रथम शौचालय शोधतो.

यात दोष कोणाचाच नाही; परंतु एक गोष्ट हळूहळू घडत जाते. पहिल्या वेळी मित्र बोलावतात, तो नाही म्हणतो. दुसऱ्या वेळी तो होकार देतो, पण आयत्या वेळी येत नाही. तिसऱ्या वेळी मित्र आपसांत म्हणतात, "त्याला कशाला विचारायचे? तो यायचाच नाही. उगीच त्याला वाईट वाटेल." चौथ्या वेळी त्याला कोणी विचारीत नाही. यात द्वेष नसतो, कदाचित दयाच असते. तरीही त्या मुलाच्या दृष्टीने याच क्षणी मैत्री तुटलेली असते. आजाराने त्याच्यापासून काही दिवस हिरावले होते. मित्र हिरावला तो न आलेल्या बोलावण्याने.

मग एकटेपण येते. अशा मुलामुलींमध्ये चिंता आणि खिन्नता निरोगी मुलांपेक्षा अधिक आढळते, हे वैद्यकीय अभ्यासांतून दिसून आले आहे. आतडे आणि मेंदू यांचा संबंध फार निकटचा आहे. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे जाळे असून त्यांचे निरोप मेंदूकडे आणि मेंदूचे निरोप त्यांच्याकडे सतत जात-येत असतात. म्हणून मनाच्या काळजीने आजार उत्पन्न होत नसला, तरी त्रास वाढू शकतो. आणि त्रास वाढला की काळजी आणखी वाढते. या फेऱ्यातून बाहेर पडण्यासाठी औषधाइतकीच माणसांचीही गरज असते. ज्यांचे मन फार खचले असेल, त्यांना मनोविकारतज्ज्ञांची मदत घ्यावी लागते. त्यात कमीपणा कसलाच नाही.

मौनाचे हे ओझे केवळ मुलांनाच वाहावे लागते असे नव्हे. जगात नावाजलेल्या व्यक्तींनीही ते वाहिले आहे. जपानचे शिंझो आबे यांना वयाच्या सतराव्या वर्षी अल्सरेटिव्ह कोलायटिसने गाठले. पुढे २००६ साली ते पंतप्रधान झाले. परंतु वर्षभरातच, सप्टेंबर २००७ मध्ये, त्यांनी राजीनामा जाहीर केला. त्या वेळी त्यांनी आजाराचा उच्चारही केला नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पदाची जबाबदारी अर्ध्यावर टाकली म्हणून त्यांच्यावर सडकून टीका झाली. प्रकृती हेच राजीनाम्याचे सर्वांत मोठे कारण होते, हे त्यांनी काही दिवसांनी सांगितले. नव्या औषधाने प्रकृती सुधारली आणि डिसेंबर २०१२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. ऑगस्ट २०२० मध्ये आजार उलटला तेव्हा मात्र त्यांनी आपल्या आजाराचे नाव स्वतः घेऊन, तो पुन्हा बळावला असल्याचे सांगून, राष्ट्राचा निरोप घेतला. तोपर्यंत ते जपानचे सर्वाधिक काळ पदावर राहिलेले पंतप्रधान ठरले होते.

स्कॉटलंडचा फुटबॉलपटू डॅरेन फ्लेचर याचीही कथा अशीच आहे. मँचेस्टर युनायटेड या विख्यात संघातून खेळत असताना त्याला हाच विकार जडला. कित्येक दिवस तो संघातील सोबत्यांना खरे कारण न सांगता वेगवेगळ्या सबबी सांगत राहिला. डिसेंबर २०११ मध्ये आजार जाहीर झाला, तेव्हा लपविण्याचे ओझे प्रथमच उतरले. जानेवारी २०१३ मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर तो पुन्हा मैदानावर उतरला. इतकेच नव्हे, तर २०१५ साली दुसऱ्या एका संघाचा कर्णधारही झाला. राष्ट्राचा कारभार पाहणारा मुत्सद्दी आणि हजारो प्रेक्षकांसमोर खेळणारा खेळाडू यांनाही जे बोलणे जड गेले, ते सातवी-आठवीतील मुलाला किती जड जात असेल, याचा विचार करा.

तर मग सोबत्यांनी काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे, बोलावणे थांबवू नये. येणे न येणे त्याच्या प्रकृतीवर सोडावे. नाही म्हणण्याचा हक्क त्याचा आहे, तो आपणच परस्पर बजावू नये. दुसरी गोष्ट, त्याने विश्वासाने काही सांगितले तर ते आपल्यापाशीच ठेवावे. ते गुपित त्याचे आहे. वर्गात वाटावयाची ती खिरापत नव्हे. तिसरी गोष्ट, उपाय सुचवीत बसू नये. "ओवा चाव", "ताक पी", "माझ्या मामाला अमक्या काढ्याने गुण आला" हे ऐकून तो आधीच कंटाळलेला असतो. "आज कसे आहे?" एवढे विचारावे, आणि तो विषय बदलू लागला तर आपणही बदलावा. चौथी गोष्ट, त्याच्या बुडालेल्या तासांच्या वह्या न मागता नेऊन द्याव्यात. आणि शेवटची गोष्ट, त्याला केवळ दयेचा धनी करू नये. त्याला गणित येत असेल तर त्याच्याकडून शिकावे, तो विनोदी असेल तर पोटभर हसावे, चूक करील तर भांडावेही. मैत्री देण्याघेण्याने टिकते. नुसते घेत राहण्याचा संकोच कोणालाही जाचतो.

आजारी मुलालाही थोडे सांगावेसे वाटते. आपले सारे दुखणे साऱ्या जगापुढे उघडे करण्याची गरज नाही. विश्वासाच्या एकदोघांना इतके सांगितले तरी पुरते: "माझ्या आतड्याला सूज येते. ती कधी बळावते, कधी ओसरते. माझ्यामुळे ती कोणाला होत नाही. मी एखाद्या वेळी आलो नाही, तर मला यावेसे वाटले नाही असे समजू नका." शिक्षकांच्या कानांवर ही गोष्ट असली, तर न विचारता वर्गाबाहेर जाण्याची मोकळीक आणि दाराजवळची जागा त्याला मिळू शकते. शौचालयाची कडी आणि नळाचे पाणी या गोष्टी क्षुल्लक वाटतात. परंतु एखाद्या मुलाचे शिक्षण त्यांच्यावर अवलंबून असू शकते.

आता पुन्हा त्या सहलीकडे वळू. संध्याकाळी गाडी परत आली. तो जिवलग मित्र घरी जाता जाता थांबला आणि त्याची पावले आजारी मित्राच्या घराकडे वळली. "का आला नाहीस?" असे तो विचारणार होता. दारात त्याचा उतरलेला चेहरा दिसला आणि खुंटीवरचा सदरा दिसला, तेव्हा तो प्रश्न ओठांवरच राहिला. तो नुसता शेजारी बसला आणि दिवसभराच्या गमती सांगू लागला. बऱ्याच वेळाने आजारी मुलगा आपण होऊन बोलू लागला. त्या बोलण्याला दहा मिनिटेही लागली नाहीत. पण ती दहा मिनिटे वर्षभर लांबली होती.

पुढच्या वर्षी सहल निघाली, तेव्हा मित्राने गाडीत शिरताच एक जागा धरून ठेवली. ती खिडकीजवळची नव्हती, दाराजवळची होती. "तो येणार आहे का?" कोणीतरी विचारले. मित्र म्हणाला, "ठाऊक नाही. जमले तर येईल. जागा मात्र त्याचीच आहे."

शब्दार्थ

त्राण – शक्ती, बळ. बिथरणे – भान सुटून भलतेच वागणे. व्रण – जखम. निदान – रोगाची ओळख. आनुवंशिकता – आईवडिलांकडून गुण किंवा विकार येणे. द्रवाहार – पातळ अन्न. धास्ती – भीती. निकड – तातडीची गरज. खिन्नता – उदासपणा. चेतापेशी – संवेदना वाहून नेणारी पेशी. मुत्सद्दी – राजकारणातील जाणकार.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) सहलीला न आलेल्या मुलाविषयी सोबत्यांचा कोणता गैरसमज झाला?
(आ) प्रतिकारशक्तीला लेखकाने कोणाची उपमा दिली आहे? ती कशी योग्य आहे?
(इ) आजाराच्या भरती-ओहोटीमुळे सोबत्यांचा गोंधळ का होतो?
(ई) २००७ आणि २०२० या दोन वेळच्या राजीनाम्यांत शिंझो आबे यांच्या वागण्यात कोणता फरक दिसतो?

२. कारणे द्या.
(अ) आपल्या देशात क्रोन्सच्या आजाराचे निदान होण्यास विलंब लागतो.
(आ) शेवटी मित्राने दाराजवळची जागा धरून ठेवली.

३. 'मित्र हिरावला तो न आलेल्या बोलावण्याने' या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
पाठ दाखवणे, घाला घालणे, अंथरुणाला खिळणे, हशा पिकणे.

५. पुष्कळ दिवस शाळेत न आलेल्या मित्राला किंवा मैत्रिणीला पत्र लिहा. पत्रात कोठेही उपदेश नसावा.